'गट फीलिंग'ची गोची

"टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ..."

या एका वाक्यावर मी चार वर्षं लोकांच्या नोकऱ्या ठरवल्या. हिंजवडीतल्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे ना मी! माणूस दारातून आत आला की दोन मिनिटांत कळतं, असं मैत्रिणींना कॉलर ताठ करून सांगायचे. मग प्रमोशनसाठी डिग्री हवी म्हणून एचआर मॅनेजमेंटचा वीकएंड कोर्स जॉइन केला आणि 'रिक्रूटमेंट अँड सिलेक्शन' या पेपरने ती कॉलर पार उतरवली.

पहिल्याच लेक्चरला सरांनी विचारलं, "या दोन शब्दांत फरक काय?" आम्ही सगळे एचआरवाले गप्प! रिक्रूटमेंट म्हणजे योग्य माणसांनी अर्ज करावा यासाठीची खटपट. सिलेक्शन म्हणजे आलेल्यांतून निवड. आणि दोन्हींच्या आधी जॉब ॲनालिसिस, म्हणजे या खुर्चीतल्या माणसाला रोज नेमकं काय काम करायचंय, ते कागदावर उतरवणं. आम्ही काय करायचो? जुनी जाहिरात कॉपी-पेस्ट!

तो लातूरचा मुलगा

मग आली असाइनमेंट. आपण रिजेक्ट केलेल्या एका उमेदवाराचा शेरा, नावगाव झाकून, वर्गात आणायचा आणि त्यातला कुठला शब्द कामाशी संबंधित आहे ते शोधायचं.

माझ्या शेऱ्यात दोनच शब्द होते, 'कम्युनिकेशन वीक'. मुलगा लातूरचा, बीकॉम. अकाउंट्सच्या बॅक ऑफिसची जागा. इंग्रजीत अडखळला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मराठीत सांगितलं तर चालेल का?" मी हसून "इट्स ओके" म्हटलं आणि मनातल्या मनात फाइल बंद केली. त्या कामात दिवसभर बिलं तपासायची आणि एक्सेल भरायचं असतं. क्लायंटशी बोलायचा प्रश्नच नाही. एक्सेल येतं का, हे मी त्याला विचारलंही नव्हतं! त्याच्या जागी घेतलेला फाडफाड इंग्रजीवाला तिसऱ्या महिन्यात सोडून गेला.

याला नाव आहे, हेलो इफेक्ट. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच ते मांडलं. लष्करी अधिकारी एखाद्या जवानाला एका गुणात चांगले मार्क देत, तेव्हा बाकीच्या गुणांतही उदार होत. माझं तेच झालं, फक्त उलट्या दिशेने. एक गोष्ट खटकली आणि माणूसच बाद!

आकडे काय म्हणतात?

कुठल्या पद्धतीने निवडलेला माणूस पुढे खरंच चांगलं काम करतो, यावर ढिगाने संशोधन झालंय. श्मिट आणि हंटर यांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. 1 म्हणजे अचूक अंदाज धरला, तर हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याला जेमतेम 0.02 मिळाले. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे गणित पुन्हा तपासलं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेले मार्क, अशा 'स्ट्रक्चर्ड' इंटरव्ह्यूला 0.42. माझ्यासारख्या गप्पा मारत घेतलेल्या इंटरव्ह्यूला 0.19!

आणि इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचायला तरी मिळतं का? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा 2007 मधला अभ्यास वाचून मी गप्प झाले. भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फक्त नावं बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली.

मशीनवर सोपवलं तर? तेही नाही. ॲमेझॉनने असं सॉफ्टवेअर बनवून पाहिलं होतं. दहा वर्षांच्या जुन्या, बहुतेक पुरुषांच्या रेझ्युमेंवर शिकून ते बायकांचे अर्ज खाली ढकलू लागलं. 2018 मध्ये ही बातमी फुटली, तोवर तो प्रकल्प गुंडाळलेला होता. आपणच शिकवलेलं ते बोलणार ना!

आता काय करते?

- आधी वीस मिनिटांची एक्सेल टेस्ट, मग इंटरव्ह्यू.
- सगळ्यांना तेच पाच प्रश्न. प्रत्येक उत्तराला लगेच मार्क.
- दोघं जण घेतो. मार्क देऊन होईपर्यंत एकमेकांशी चर्चा नाही.
- शेरा कामाबद्दलच. 'स्मार्ट', 'आपल्यात बसणारा' हे शब्द बंद.

बॉस आधी कुरकुरले, "वेळ जातो." तीन महिन्यांत सोडून गेलेल्याचा हिशोब पुढे ठेवला, तेव्हा मान हलवली.

कोर्स संपल्यावर धीर करून त्या मुलाला फोन लावला. तो आता दुसरीकडे अकाउंट्स बघतो. ओळख पटल्यावर त्याने एकच विचारलं, "मॅडम, तेव्हा माझं काय चुकलं होतं? तुम्ही काही कळवलंच नाही."

"तुमचं नाही, माझं चुकलं होतं," म्हटलं. तो क्षणभर गप्प झाला, मग हसला.

आता नाकारलेल्या प्रत्येकाला कारण कळवते. लिहिण्यासारखं कारण सापडलं नाही, तर फाइल पुन्हा उघडते.