गिलाव्याआधी गरम पाण्याचा पाइप पाहा

घराची डागडुजी काढली की आपण फरशी बघतो, रंग बघतो. भिंतीत जाणारा पाइप मात्र गवंड्यावर सोडून देतो. मीही तेच केलं. बचत गटाचं कर्ज काढून सोलर बसवला. म्हटलं, आता पहाटे बंब पेटवायला नको, धूर नको. पण नळ सोडला की आधी थंडच पाणी येई. ऐन उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत, ते पाणी मोरीत जाताना जीव तुटायचा.

दोष सोलरचा नव्हता, पाइपाचा होता. छतापासून न्हाणीपर्यंत १५ मीटर पाइप, तोही एक इंची आणि उघडा. एक इंची पाइपात दर मीटरला साधारण ४०० मिलिलिटर पाणी राहतं. म्हणजे १५ मीटरमध्ये सहा लिटर! ते निवतं आणि आधी तेच बाहेर येतं. अर्ध्या इंची पाइपात हेच पाणी दोन लिटरपेक्षा कमी भरतं. पण सगळाच पाइप बारीक घेतला तर धार मंद होते. म्हणून छतावरून खाली पाऊण इंची आणि पुढे नळापर्यंत अर्धा इंची घ्यावा. सोलरही शक्यतो न्हाणीच्या जवळ बसवावा, म्हणजे पाइपच कमी लागतो.

आता पाइप कोणता? साधा करडा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो, वाकतो. गरम पाण्यासाठी पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी मागा. त्याचं चिकटवायचं सोल्युशनही वेगळं असतं, तेच वापरायला सांगा. हा पाइप तापला की लांबतो. दहा मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर सहज. म्हणून क्लॅम्प आवळून टाकू नयेत.

पाइपावर काळ्या फोमची नळी चढवा. भिंतीतली खाच फोमसकट पाइप मावेल एवढी खोल हवी. सांधे आणि कोपरे उघडे ठेवू नका, उष्णता तिथूनही जाते. उन्हात फोम भुगा होतो, म्हणून छतावर त्याला अॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. फोममुळे पाणी रात्रभर गरम राहत नाही. पण सासूबाईंनंतर थोड्या वेळाने सुनेने नळ सोडला, तर तिला बरंच कमी पाणी वाया घालवावं लागतं.

पाइपाला मध्येच वर-खाली झोळ नको, तिथे हवा अडकून धार तुटते. टाकीवरची हवेची उभी नळी कधीही बंद करू नका.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गिलाव्याआधी सोल्युशन पुरतं वाळू द्या. मग नळवाल्याकडून पाइपात दाबाने पाणी भरून घ्या आणि प्रत्येक सांध्याला कोरडा हात लावून पाहा. त्यानंतर भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना तो उपयोगी पडेल.

आम्ही हे केलं नव्हतं. नवा गिलावा फोडून पाइप बदलावा लागला, कर्जाचे दोन हप्ते त्यात गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून सांगितलं.

आणि हो, पोरांच्या बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम. सोलरचं पाणी चांगलंच भाजतं.