इमारतीच्या पोटातली रेंज

जळत्या इमारतीत शिरलेल्या अग्निशमन जवानाचा बाहेरच्या अधिकाऱ्याशी एकच धागा उरतो, तो म्हणजे त्याच्या छातीशी अडकवलेला वॉकीटॉकी. पाण्याचा दाब वाढवा, दुसऱ्या मजल्यावर माणूस सापडला, शिडी मागच्या अंगाला लावा, स्लॅब खचतोय मागे फिरा, ही सगळी बोलणी त्या हाताएवढ्या यंत्रावरून होतात. हे बोलणं इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर, जिन्यात, तळघरात आणि लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना स्पष्ट ऐकू यावं, याची तजवीज इमारत बांधतानाच करावी लागते. आग लागल्यावर ती करता येत नाही. पाण्याची टाकी, आगीचा नळ आणि संकटकालीन जिना जसा इमारतीचा भाग, तशीच ही रेंजसुद्धा. फरक इतकाच की टाकी डोळ्यांना दिसते, रेंज दिसत नाही. म्हणून नकाशा मंजूर होताना तिची आठवण कुणाला होत नाही.

रेडिओलहर भिंतीत अडते म्हणजे नेमकं काय होतं, हे खानदेशातल्या घरांवरून सहज कळतं. एरंडोल, पारोळा, अमळनेरच्या पट्ट्यात जुनी धाब्याची घरं अजून आहेत. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर कड्या-किलचन आणि त्यावर पसरलेली खारी माती. उन्हाळ्यात ही घरं गार राहतात, पण मोबाइल वाजला की माणूस बोलत बोलत ओट्यावर येतो, कारण आत आवाज तुटतो. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत माती नाही, तरी तिथेही तीच गत. मातीची जाड भिंत लहरीची ताकद शोषून घेते. पत्रा तिला आल्या वाटेने परत पाठवतो. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत ही दोन्ही कामं एकदम होतात. काँक्रीट शोषतं आणि त्यातल्या लोखंडी सळयांची जाळी परतवते. अग्निशमन दलं आणि पोलीस सहसा व्हीएचएफ किंवा यूएचएफ पट्ट्यात बोलतात. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटर भरते, ४०० मेगाहर्ट्झची पाऊण मीटर. वीतभर अंतराच्या सळयांच्या जाळीतून एवढी लांब लहर पार होताना तिचा बराच भाग मागे फिरतो.

ही घट डेसिबलमध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे: १० डेसिबल घट म्हणजे ताकद दहाव्या हिश्शावर, २० म्हणजे शंभराव्या, ३० म्हणजे हजाराव्या. विटेची साधी भिंत पाच-सात डेसिबल खाते, सळयांचं जाड काँक्रीट पंधरा-वीस. उष्णता आत येऊ नये म्हणून धातूचा अदृश्य थर दिलेली काच वीस ते तीस डेसिबल अडवते. बाहेरून पारदर्शक दिसणारी काचेची नवी इमारत रेडिओच्या दृष्टीने जवळजवळ लोखंडी पेटी असते, हे अनेकांना खरं वाटत नाही. तळघराची कथा तर आणखी अवघड. तिथे लहरीला खिडकीची वाटच नसते. तिला वरचे स्लॅब भेदून किंवा जिन्याच्या आणि वाहनांच्या उताराच्या तोंडातून वळून यावं लागतं.

एरंडोलला गगनचुंबी इमारती नाहीत, मग इथे हा प्रश्न कशाला, असं वाटू शकतं. पण रेंज उंचीमुळे जात नाही. बांधणीमुळे, आकारामुळे आणि खोलीमुळे जाते. जळगाव जिल्ह्यातलं जिनिंग-प्रेसिंग म्हणजे पत्र्याचं भलंमोठं शेड, आत रुईच्या गाठींच्या थप्प्या आणि सरकीचे ढीग. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या आत धुमसत राहते, म्हणून जवानांना तासन्‌तास शेडच्या पोटात काम करावं लागतं. केळी पिकवण्याच्या चेंबरच्या भिंती दोन पोलादी पत्र्यांमध्ये फोम भरून केलेल्या असतात. दार लावलं की आतला वॉकीटॉकी मुका होतो. बाजारपेठेतल्या व्यापारी संकुलाचं तळघर आधी वाहनतळ म्हणून दाखवलेलं असतं आणि पुढे त्याचं गोदाम होतं. जळगावातली महापालिकेची सतरा मजली इमारत सगळ्यांच्या नजरेत भरते, पण आवाज तुटण्याचा धोका तिच्या गच्चीपेक्षा अशा तळघरात आणि शेडमध्ये जास्त.

यात एक बाब नीट समजून घ्यावी लागते. बोलणं दोन्ही दिशांना सारखं जात नाही. बंबावर किंवा ठाण्यात बसवलेला संच पंचवीस वॅट वा त्याहून अधिक ताकदीने बोलतो, त्याचा अँटेना उंचावर असतो. जवानाच्या हातातला संच चार-पाच वॅटचा, अँटेना आखूड आणि तोही अंगाला चिकटलेला. त्यामुळे आतल्या माणसाला बाहेरचा हुकूम ऐकू येतो, पण त्याने दिलेलं उत्तर बाहेर पोचत नाही. अधिकाऱ्याला वाटतं जवान गप्प आहे. जवानाला वाटतं आपलं म्हणणं कळलं. म्हणून आत ऐकू येतं एवढ्यावर कोणतीही तपासणी थांबवणं घातक आहे. आतून बाहेर जाणारा आवाज वेगळा मोजायलाच हवा.

अशा तुटक बोलण्याची किंमत जगाने न्यूयॉर्कमध्ये पाहिली. २६ फेब्रुवारी १९९३ च्या बॉम्बस्फोटात वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांमध्ये अग्निशमन दलाचे रेडिओ नीट चालले नाहीत, म्हणून पुढे तिथे खास रिपीटर, म्हणजे संदेश उचलून वाढवून पुढे पाठवणारं यंत्र, बसवण्यात आला. ११ सप्टेंबर २००१ ला उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावर अधिकाऱ्यांनी तो तपासला. रिपीटर सुरू करण्याचं बटण दाबलं गेलं होतं, पण तिथल्या मुख्य हँडसेटसाठी दुसरं बटण दाबावं लागे, ते दाबलं गेलं नाही. आवाज आला नाही, म्हणून यंत्रणा बंद आहे असं समजून तिथले अधिकारी दुसऱ्या चॅनेलवर गेले. दक्षिण मनोऱ्यात गेलेल्या तुकडीला तोच रिपीटर काही काळ उपयोगी पडला. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोऱ्यातून बाहेर पडण्याचा हुकूम सुटला. तो काहींना मिळाला. काहींच्या रेडिओत गोंधळ होता, काही वेगळ्या चॅनेलवर होते. १० वाजून २८ मिनिटांनी तोही मनोरा खाली आला. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातले ३४३ जण गेले. सगळ्यांचा मृत्यू रेडिओमुळे झाला असं म्हणता येत नाही. पण यंत्र जागेवर होतं, चालू स्थितीत होतं, आणि एका बटणापायी ऐन वेळी निकामी ठरलं, हा त्या हल्ल्याच्या चौकशीतला मनाला लागणारा भाग आहे. यंत्र बसवणं अर्धं काम; ते कसं चालू करायचं हे त्या ठिकाणी पोचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणं हे उरलेलं अर्धं.

लंडनने हा धडा दोनदा गिरवला. १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकाच्या आगीत ३१ जण दगावले; त्यांत अग्निशमन अधिकारी कॉलिन टाउन्सली होते. चौकशीत भुयारातल्या रेडिओ संपर्काचा मुद्दा ठळकपणे पुढे आला. तरी ७ जुलै २००५ ला भुयारी गाड्यांत बॉम्ब फुटले तेव्हाही बचाव पथकांना खाली-वर निरोप्ये धाडावे लागले. मधली अठरा वर्षं शिफारस कागदावर राहिली.

मुंबईच्या दोन आगी इथे आठवतात. १८ जुलै २०१४ ला अंधेरीतल्या लोटस बिझनेस पार्क या काचेच्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांना आग लागली. गच्चीवर अडकलेल्या जवानांना नौदलाच्या हेलिकॉप्टरने उचललं. नितीन इवलेकर या जवानाला मात्र प्राण गमवावे लागले. पुढच्याच वर्षी, ९ मे २०१५ ला काळबादेवीतली जुनी गोकुळ निवास इमारत आगीत कोसळली आणि संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन व खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर असे चार अधिकारी दलाने गमावले. या दोन्ही घटनांचा दोष रेडिओवर टाकण्याचं कारण नाही. एक आधुनिक काचेची इमारत, दुसरी लाकडी जुनी. पण दोन्हीकडे आत गेलेल्या माणसाचं आयुष्य काही मिनिटांवर टेकलेलं होतं. माघारीचा हुकूम त्या मिनिटांच्या आत आणि प्रत्येकाच्या कानावर पोचावा लागतो.

उपायाची मांडणी पाटाच्या पाण्यासारखी आहे. गच्चीवर एक अँटेना लावतात. तो अग्निशमन किंवा पोलिसांच्या मनोऱ्याकडे तोंड करून बाहेरचा संदेश उचलतो. तिथून तारेने तो द्विमार्गी प्रवर्धकाकडे येतो. हा प्रवर्धक बाहेरून आत येणारा आणि आतून बाहेर जाणारा असे दोन्ही संदेश वाढवतो. पुढे जाड समाक्ष केबल प्रत्येक मजल्यावर फिरवून छताला लहान अँटेना लावतात. लांबट जागेत, म्हणजे बोगदा, जिना किंवा तळघरातला रस्ता असेल तिथे, वेगळी केबल वापरतात. तिच्या वरच्या धातूच्या आवरणाला ठरावीक अंतरावर बारीक फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांतून लहर झिरपत राहते. ठिबक सिंचनाची नळी रोज हाताळणाऱ्या जळगाव जिल्ह्याला हे तत्त्व वेगळं समजावून सांगायला नको. खाणींत आणि भुयारी रेल्वेत हीच केबल वापरतात.

प्रवर्धक वाढवला की काम झालं, असंही नाही. गच्चीवरच्या अँटेनाला आतल्या अँटेनाचा आवाज ऐकू येऊ लागला तर सभेतला लाउडस्पीकर शिटी घालतो तसं घडतं. प्रवर्धक स्वतःचाच आवाज पुनःपुन्हा वाढवत सुटतो आणि त्या इमारतीपुरता नव्हे, सगळ्या शहराचा चॅनेल गुदमरवतो. म्हणून बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांपासून पुरेसे अलग ठेवून मगच वाढीचं प्रमाण ठरवतात. शिवाय ही यंत्रणा आगीतच उपयोगी पडायची असल्याने ती आगीत टिकली पाहिजे. केबल आग सहन करणाऱ्या मार्गाने नेतात, प्रवर्धक पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवतात, वीज गेली तर बारा तास चालेल इतकी बॅटरी देतात आणि बिघाड झाल्यास आगीच्या सूचना-फलकावर खूण उमटेल अशी जोडणी करतात. अमेरिकी संहितांमधले हे निकष आहेत.

तिथली मोजणीही काटेकोर आहे. प्रत्येक मजल्याचे २० सारखे चौकोन पाडून प्रत्येकात उभं राहून संदेशाची ताकद आणि बोलण्याची स्पष्टता तपासतात. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय अग्नि संहितेत उणे ९५ डीबीएम एवढी किमान ताकद आणि मजल्याच्या ९५ टक्के जागेत संपर्क अशी अट आली. जिने, पंपघर, अग्निनियंत्रण कक्ष अशा मोक्याच्या जागांसाठी त्याहून कडक, ९९ टक्क्यांचा निकषही वापरात आहे. एकदा मोजून भागत नाही. शेजारी नवी इमारत उभी राहिली, दर्शनी भागाला काच चढवली किंवा गोदामात पत्र्याच्या मांडण्या आल्या की आधीची रेंज बदलते, म्हणून दरवर्षी पुन्हा तपासणी होते.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग अग्निसुरक्षेचा आहे. १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत त्यात उत्तुंग धरली जाते. आगीत वापरायची लिफ्ट, उद्घोषणा यंत्रणा, अग्निनियंत्रण कक्ष यांच्या तरतुदी तिथे आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून बी फॉर्म द्यावा लागतो. त्या तपासणीत पंप चालतो का, नळाला दाब आहे का, हे पाहिलं जातं. वॉकीटॉकी घेऊन तळघरात उतरून बाहेरच्याशी बोलून पाहण्याची चाल मात्र रुजलेली नाही. ती त्याच तपासणीत बसवायला हवी. त्यासाठी लागतात दोन माणसं, दोन संच आणि तासभर वेळ.

परवान्याचा मुद्दाही विसरून चालत नाही. रेडिओलहरींचे पट्टे ही सरकारी मालमत्ता असून त्यांचं वाटप दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा करते. बाजारातून आणलेला सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय बसवणं हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असण्याला सबळ कारण आहे: बेशिस्त बूस्टर बाहेरच्या सगळ्यांचं बोलणं बिघडवतो. पोलिसांच्या किंवा अग्निशमनच्या चॅनेलवर चालणारा प्रवर्धक त्या दलाच्या संमतीने आणि परवानगीनेच बसवता येतो.

मोबाइल असताना वॉकीटॉकी कशाला, हा प्रश्न जाणतेही विचारतात. मोबाइलवर एकाशी एकच बोलतो. वॉकीटॉकीवर एकाने दिलेला इशारा सगळ्यांना एकदम ऐकू येतो. संकटाच्या वेळी गर्दीमुळे मोबाइलचं जाळं तुंबतं, आणि इमारतीची वीज गेली की आतले मोबाइल अँटेनाही बंद पडू शकतात. हातमोजे घातलेल्या, धुरात चाचपडणाऱ्या माणसाला पडद्यावर नंबर शोधता येत नाही. एक जाडसर बटण दाबता येतं.

लहान शहरांना लाखो रुपयांचा प्रवर्धक प्रत्येक इमारतीत लगेच शक्य नाही, आणि सगळीकडे तो लागतही नाही. मध्यममार्ग आहेत. संच रिपीटरवर न ठेवता थेट एकमेकांशी बोलण्याच्या पद्धतीवर ठेवला तर जवळच्या अंतरात तो बऱ्याचदा चांगला चालतो. जिन्याच्या तोंडाशी एक जवान उभा करून आतला निरोप बाहेर पोचवता येतो. बंबावर लहान रिपीटर बसवून तो इमारतीच्या दाराशी उभा करता येतो. मोठी आग लागली की शेजारच्या गावांचे बंब येतात. त्या सगळ्यांचा एक समान चॅनेल आधी ठरलेला नसेल, तर चार गावांचे जवान एकाच शेडमध्ये एकमेकांना ऐकू न येता काम करतात. तो चॅनेल ठरवायला पैसा लागत नाही, बैठक लागते.

एरंडोलपासून जळगाव तीसेक किलोमीटर. बाहेरून मदत येईपर्यंतची पहिली महत्त्वाची मिनिटं नगरपालिकेच्या बंबावरच्या मोजक्या माणसांनाच निभावायची असतात. ती माणसं आत गेल्यावर आपल्याला ऐकू येतील का, हे प्रत्येक जिनिंगमालकाने, गोदामवाल्याने आणि संकुलाच्या सोसायटीने येत्या जुलैच्या बी फॉर्मआधी एकदा दलाला बोलावून, तळघरात उतरून, शेडच्या टोकाला जाऊन तपासून घ्यावं.