टोचन लावून अटलांटिक

कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी माझी जीप नेली, ती आमच्या मिस्त्रींनी पाठवली म्हणून. ते गाडीखालून बाहेर आले, बोळ्याला हात पुसले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, पाटे बसलेत. काय काय भरलंय ते एकदा काट्यावर तरी बघून या." हंगाम संपलेला, काटा मोकळा. उसाच्या ट्रॉल्यांची सवय असलेल्या काटेवाल्याने माझ्याकडे न बघताच आकडा सांगितला: १,३९०.

ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हजार किलोच्या आसपास होती. वरचं सगळं मी तीन वर्षांत हौसेने चढवलेलं. दुसरी बॅटरी, लोखंडी कॅरिअर, पुढे विंच, ती पेलायला जाड चॅनेलचा बंपर, पेट्रोलचे चार कॅन, पाण्याची टाकी, झोपायची फळी आणि फळीखाली कधीही न लागलेल्या पान्यांचा पेटारा. लडाखला जायचं होतं. गाडी खंबाटकीतच तापत होती.

जीपची मूळ कथा इथे परत सांगत नाही. माझी उंच बॉनेटची, म्हणजे सीजे-३बी. तिचं बॉनेट उंच का, तर नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या चपट्या बॉनेटखाली ते मावेना. इंजिन बुटकं केलं नाही, पत्राच वर उचलला. सुधारणा म्हणतात ती बहुधा अशीच होते, एका ठिकाणी वाढवलं की दुसऱ्या ठिकाणी जागा करून द्यावी लागते. मामांकडे हीच गाडी होती. शेतावरून येताना त्यांनी मला पुढच्या मडगार्डवर बसवलं होतं, आणि तेव्हा लागलेलं वेड पन्नाशी उलटली तरी गेलेलं नाही.

वेड असलं की माणूस वाचत सुटतो. आपल्याकडे जीपचं साहित्य कमी आणि अफवा जास्त. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये जीप कशा मातीमोल गेल्या याच्या गोष्टी प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या गाजलेल्या घोटाळ्याचं नावच 'जीप घोटाळा' आहे, आणि तोही दुरुस्त केलेल्या जुन्या गाड्यांचा. १९४८ साली लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी काश्मीरच्या लढाईसाठी सुमारे ८० लाखांचा व्यवहार केला, हाती आल्या १५५ गाड्या, आणि त्याही सैन्याच्या पसंतीस उतरल्या नाहीत. जुनी जीप घेऊन फसलेल्या तमाम मंडळींना यातून थोडा दिलासा मिळायला हरकत नाही.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो माणूस यात कुठेच नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जॅकेट गेलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, 'हाफ-सेफ', १९५५ सालचं. लेखक बेन कार्लिन. जीप घेऊन अटलांटिक महासागर ओलांडल्याची हकिकत. जहाजावर जीप चढवून नव्हे, जीपनेच. पहिली चाळीस पानं दुकानात उभ्यानेच वाचली.

कार्लिन ऑस्ट्रेलियन. जन्म १९१२, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं नॉर्दम गाव. कालगुर्लीच्या खाणशाळेत इंजिनिअर झाला, चीनमधल्या ब्रिटिश कोळसा खाणीत गेला आणि युद्ध लागल्यावर हिंदुस्थानी सैन्याच्या इंजिनिअर दलात मेजरपदापर्यंत पोचला. युद्ध संपताना तो बंगालमध्ये होता. खरगपूरजवळच्या कलाईकुंडा विमानतळावर डिस्पोजलला काढलेल्या सामानात त्याला एक विचित्र गाडी दिसली. खालून होडी, वरून जीप. सोबतच्या वायुदलातल्या मित्राला तो म्हणाला, थोडी डागडुजी केली तर हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल. मित्राने अर्थातच त्याला वेड्यात काढलं. बाकी सगळं, म्हणजे दहा वर्षं, दोन महासागर आणि एक मोडलेलं लग्न, त्या भंगाराच्या आवारात सुरू झालं. जगातला हा सगळ्यात अवघड जीपप्रवास एका बंगाली डिस्पोजल यार्डात जन्मला, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

ती गाडी म्हणजे फोर्ड जीपीए. १९४२ आणि ४३ या दोन वर्षांत १२,७७८ गाड्या बनवल्या आणि काम बंद केलं. कारण काट्यावर कळलं. होडीचा आकार ठरवला तेव्हा गाडी साधारण बाराशे किलोची होईल असा हिशेब होता. बनताना एकेक गोष्ट चढत गेली आणि वजन सोळाशेवर गेलं, पण होडी होती तेवढीच राहिली. त्यामुळे काठ आणि पाणी यांत जेमतेम वीतभर अंतर. तळ्यात चाले, समुद्राच्या लाटेत पाणी आत येई. जमिनीवर साध्या जीपहून जड, म्हणून चिखलात रुते. होडी म्हणून अर्धी, जीप म्हणून अर्धी. नद्या-दलदलींच्या मुलखात लढणाऱ्या रशियनांना मात्र ती आवडली आणि पुढे त्यांनी तिच्यावरून स्वतःची एक बनवली. इंजिन आपल्या ओळखीचंच, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं. ट्रान्सफर केसमधून एक शाफ्ट मागे पंख्याला. सुकाणू स्टेअरिंगलाच जोडलेलं, त्यामुळे समुद्रात वळताना पुढची चाकंही पाण्यात निष्कारण वळत.

माझ्या १,३९० ची जीपीएशी अशी गाठ पडली. वजनाने नापास झालेली गाडी घेऊन कार्लिन तिच्यावर आणखी वजन चढवणार होता.

युद्धानंतर तो अमेरिकेत गेला आणि सरकारी लिलावात त्याने एक जीपीए उचलली. त्याच सुमारास एलिनोर अरोनशी लग्न. ती अमेरिकन, त्यांची ओळख हिंदुस्थानातच झालेली. मग गाडीवर काम काढलं. वर लाकडी केबिन बांधून तिला पाणी शिरू नये म्हणून रबरी लेप दिला. लाट फोडायला पुढे नाक बांधलं आणि त्यातच पेट्रोलची टाकी बसवली. नाव ठेवलं हाफ-सेफ. घामाचा वास घालवणाऱ्या एका मलमाच्या जाहिरातीत ग्राहकांना 'अर्धवट सुरक्षित राहू नका' असं बजावलेलं असे, त्यातून ते उचललेलं. कार्लिन विनोदी माणूस होता, पण त्याच्या विनोदाला नेहमी कुठेतरी धार असते. ती बहुधा शेजारी बसलेल्या माणसाला लागत असावी.

१९४८ चे पहिले प्रयत्न फसले. केबिनमध्ये इंजिनाचा धूर कोंडून दोघं आजारी पडली. एकदा भर समुद्रात पंख्याच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं आणि जीप तरंगत राहिली. शेवटी एका तेलवाहू जहाजाने तिला उचलून माँट्रियलला उतरवलं. मी हा भाग मिस्त्रींना सांगितला तेव्हा त्यांनी फक्त बेअरिंगला ग्रीस कुठून मारत होते ते विचारलं. रास्त प्रश्न आहे. मूळ गाडी नदी ओलांडायला बनवलेली, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तेच आता आठवडे न थांबता करायचं होतं.

सगळ्यात अवघड कोडं पेट्रोलचं. महासागर ओलांडायला लागणारं पेट्रोल या गाडीच्या पोटात मावणं शक्यच नाही, आणि मावलं तर गाडी बुडेल. इथे मला हा माणूस खरा कारागीर वाटतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं. शंभर लिटर पेट्रोल साधारण पंचाहत्तर किलो भरतं, तर तेवढंच समुद्राचं पाणी शंभराहून जरा अधिक. म्हणजे टाकी गाडीच्या आत ठेवली तर ती भार, पण गाडीखाली पाण्यात बुडवून बांधली तर पत्र्याचं वजन वजा जाता ती उलट गाडीला उचलून धरते! कार्लिनने पोटाखाली टाकी लावली आणि एक मागे दोराने बांधली, म्हणजे आपल्या भाषेत टोचन केलं. समुद्रात भरल्या टाकीला टोचन. गाडीत भर घालूनही गाडी हलकी ठेवण्याची याहून चांगली युक्ती जीपवाल्यांच्या सगळ्या वाङ्मयात मला सापडलेली नाही. माझे चार कॅन मात्र मागच्या दाराला लटकवलेले, मागच्या पाट्यांवर सगळ्यात जास्त ताण देणाऱ्या जागी. अर्थात टोचनही सोपं नव्हतं. लाटेवर जीप एकीकडे जाते, टाकी दुसरीकडे, आणि दोर मधल्यामध्ये झिजतो. १९४९ चा प्रयत्नही बुडाला.

१९ जुलै १९५० रोजी दोघं कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून निघाली. ३२ दिवसांनी अझोर्समधलं फ्लोरेस बेट आलं. नकाशावर मोजलं तर अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी, तासाला साडेतीन. आषाढी वारीतली दिंडी याहून वेगात चालते. आणि हे बत्तीस दिवस दोन माणसं जीपच्या रुंदीच्या डब्यात, पायाशी धडधडणारं इंजिन, नाकात पेट्रोल, आणि झोप आळीपाळीने, कारण एकाने चाकावर असायलाच हवं.

त्यातली एलिनोर बहुतेक सगळा वेळ समुद्र लागून ओकत होती.

पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बेअरिंग, टाक्या आणि सुकाणूच्या मागे होतो. दुसऱ्यांदा वाचताना तिच्याकडे लक्ष गेलं. तिला या गाडीचं वेड नव्हतं, वेड नवऱ्याला. तरी धुराच्या वेळी ती होती, बेअरिंग गेलं तेव्हा होती, वादळात होती. अझोर्सहून मदेरा, मदेराहून आफ्रिकेचा किनारा, १९५१ च्या फेब्रुवारीत केप जुबी, मग वाळवंट, युरोप, इंग्लंड. पोटातलं अन्न टिकत नसताना पाळीला उठून चाक धरणं ही काय गोष्ट असते हे ज्याने रेवस-भाऊचा धक्का लाँचने पावसाळ्याच्या तोंडावर प्रवास केलाय त्याने कल्पना करून बघावी, आणि तो जेमतेम तास-दीड तासाचा. अटलांटिक त्या दोघांनी ओलांडला. पुस्तकावर नाव एकाचं आहे.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गाडी उघडली आणि चारेक वर्षं गेली. पैसे नव्हते, गाडी खारट पाण्याने खाल्लेली. जुनी गाडी उघडून ठेवणाऱ्यांना ही चार वर्षं कळतील. "पुढच्या महिन्यात निघतोय" हे वाक्य मीही पाच दिवाळ्या म्हणतोय. तिथेच पुस्तक लिहून झालं. मग पुन्हा दोघं निघाली, युरोप आणि मध्यपूर्व मागे टाकत, कराची-लाहोरच्या मुलखातून थेट कलकत्त्यापर्यंत. या पट्ट्यात गाडी बहुतेक जमिनीवरच होती, आणि खरं सांगायचं तर वर्णनही जमिनीवरचंच आहे.

कलकत्त्याहून कलाईकुंडा फार तर दीडशे किलोमीटर. ज्या आवारात कल्पना सुचली त्याच्या इतक्या जवळ तो नऊ-दहा वर्षांनी त्याच जातीच्या गाडीतून आला होता. ती दोघं पैसे उभे करायला ऑस्ट्रेलियाला गेली, आणि तिथून एलिनोर परतली ती अमेरिकेला. गाडीत पुन्हा बसली नाही. पुढे घटस्फोट. तिने पुस्तक लिहिलं नाही. मला ते न लिहिलेलं पुस्तक वाचायला हवं होतं.

पुढचा प्रवास मी भरभर वाचला. एक ऑस्ट्रेलियन जोडीदार ब्रह्मदेशापासून जपानपर्यंत टिकला. जपानहून अलास्कापर्यंतच्या थंड समुद्रात बोये दे मेंटे नावाचा अमेरिकन पत्रकार सोबत होता. दे मेंटेने नंतर स्वतःचं पुस्तक लिहिलं, आणि त्याचं नावच सांगतं की असला मूर्खपणा माणूस एकदाच करतो. त्यातला कार्लिन तापट, पिणारा, सोबत राहायला कठीण माणूस आहे. कार्लिनच्या बाजूने एवढंच म्हणतो, की सरळ स्वभावाच्या माणसाने ही गाडी १९४८ च्या उन्हाळ्यातच विकली असती. १९५८ च्या मे महिन्यात तो माँट्रियलला परत पोचला. समुद्रावर सुमारे १७,००० किलोमीटर, जमिनीवर ६२,०००. उभयचर गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा त्याच्याआधी कुणी केली नव्हती, त्याच्यानंतरही नाही.

कार्लिन १९८१ मध्ये गेला. प्रवासाचा दुसरा भाग त्याच्या हयातीत छापला गेला नाही. पर्थजवळच्या त्याच्या जुन्या शाळेने, गिल्डफर्ड ग्रामर स्कूलने, १९८९ मध्ये तो छापला, आणि हाफ-सेफही आता त्याच शाळेत मांडून ठेवलेली आहे.

मागच्या महिन्यात मी तिचा एक मोठा फोटो छापून मिस्त्रींना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा पुसून तो उन्हात धरला. नाकाची टाकी बघितली, खिडक्या बघितल्या, केबिनचा जोड जिथे पत्र्याला मिळतो तिथे नख फिरवलं. "जोड चांगला काढलाय," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. आणि मग विचारलं, "बाई झोपायच्या कुठं?"

मी केबिनवर बोट ठेवलं. दुसरी जागाच नव्हती.

मिस्त्रींनी फोटो माझ्या हातात परत दिला, जीपच्या पुढे उकिडवे बसले आणि विंचचे बोल्ट सोडवायला घेतले. चार बोल्ट, एकोणीसचा पाना. तिसरा अडकून बसला होता, त्याला डिझेल लावून आम्ही चहाला गेलो.