सतरा वर्षांचे सिकाडा: 'दहाव्या गटा'ची तीन शतके

पूर्व अमेरिकेतील पानगळीच्या जंगलांत राहणाऱ्या 'मॅजिसिकाडा सेप्टेंडेसिम' या सिकाडाचे जवळजवळ सारे आयुष्य जमिनीखाली मुळांतील पातळ रस शोषण्यात जाते, आणि सतराव्या वर्षी वीतभर खोलीवरची माती सुमारे १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की त्याची पंख न फुटलेली पिल्ले एकदमच वर येतात. ठरावीक वर्षी बाहेर पडणाऱ्या अशा समुदायांना चार्ल्स मार्लट या कीटकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमन क्रमांक दिले. त्यांतील दहाव्या गटात याच्या दोन भावंड-जातीही मोडतात, आणि त्याची नोंद १७१५ पासून सापडते. त्या वर्षी फिलाडेल्फियातील स्वीडिश धर्मोपदेशक आंद्रेयास सँडेल यांनी ती केली होती.

१७४९ मध्ये हा गट पेन्सिल्व्हेनियात पेहर काल्म या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने पाहिला आणि त्याच्या वृत्तांतावरून लिनियसने १७५८ मध्ये जातीला नाव दिले. १७४९ मध्येच मेरीलँडमधील शेतावर बेंजामिन बॅनेकर हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण झाडांवर चढणारे हे हजारो कीटक फळे फस्त करतील या धास्तीने त्यांना मारत सुटला होता, पण हे काम आटोक्यातले नाही हे त्याच्या लवकरच लक्षात आले. पुढे १७६६ आणि १७८३ मध्ये ते पुन्हा दिसले, तेव्हा त्याने १८०० चे भाकीत लिहून ठेवले. लिनियसच्या नावामागे काल्मचा वृत्तांत होता, तर बॅनेकरच्या गणितामागे एकाच शेतावरचे अर्धे आयुष्य होते, आणि या कीटकाच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक मोलाची ठरते.

मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून त्यांत अंडी घालते, सहा ते दहा आठवड्यांनी पिल्ले खाली पडून मातीत शिरतात, आणि मग ते झाड किंवा त्याच्या आसपासची झाडे पुढची सतरा वर्षे टिकावी लागतात. जंगलतोडीचा घाव म्हणूनच उशिरा उघड होतो: कनेक्टिकटमधील अकरावा गट १९५४ नंतर दिसलाच नाही, आणि लाँग आयलंडवर दहावा गटही विरळ होत गेला. याउलट जुन्या उपनगरांतील हिरवळीच्या कडेची, उन्हात उभी असलेली झाडे त्याला चांगलीच मानवली. १९७० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात बॉब डिलनला मानद पदवी मिळाली तेव्हा तेथे या सिकाडांचाच कल्लोळ होता. २०१७ मध्ये काही सिकाडा चार वर्षे आधीच वर आले, पण पक्ष्यांची पोटे भरूनही उरण्याइतकी संख्या हाच या कीटकाचा एकमेव बचाव असल्यामुळे अशा तुरळक आगंतुकांचा सहसा फडशा पडतो; मुख्य गट ठरल्याप्रमाणे २०२१ मध्येच बाहेर आला.