पडद्यावरची शांतता, हेडफोनमधला तबला

सप्टेंबर 2025 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन मराठी सिनेमे थिएटरात आले. 12 तारखेला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आणि 19 तारखेला रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’. पहिल्याला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं. दुसऱ्याने त्याच वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवात, जगभरच्या कथापटांच्या स्पर्धेत, परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक पटकावलं होतं. दोन्हींच्या कथेवर, अभिनयावर पुष्कळ बोललं गेलं. मला बोलायचंय ते त्यांच्या आवाजाबद्दल. ‘दशावतार’ वाद्यांनी भरलेला आहे, तर ‘साबर बोंडं’मध्ये पार्श्वसंगीत नाहीच.

पार्श्वसंगीत नाही म्हणजे काय, हे समजायला ते एरवी कसं येतं हे पाहायला हवं. अनेकदा संगीतकार कामाला लागायच्या आधीच संकलनाच्या टेबलावर दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं संगीत तात्पुरतं लावलेलं असतं. दृश्याची लय ठरवायला त्याची मदत होते. पण आठवडेच्या आठवडे तेच ऐकून दिग्दर्शकाच्या कानाला त्याची सवय लागते आणि मग संगीतकाराला सांगितलं जातं, ‘असंच काहीतरी दे.’ वेगवेगळ्या सिनेमांतले मरणाचे, विरहाचे प्रसंग ऐकायला सारखे का वाटतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. पात्राचा चेहरा नीट दिसायच्या आधीच व्हायोलिन आपल्याला काय वाटायला हवं ते सांगून मोकळं होतं.

कानवडेंनी हा आधारच काढून घेतला. वडिलांच्या निधनानंतर आनंद मुंबईहून गावी येतो, सुतकाचे दहा दिवस पाळायला. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. आनंदचं प्रेम पुरुषावर आहे. आईला ते ठाऊक आहे, आणि ती आपल्या परीने त्याला सांभाळून घेते. गावात लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो आणि दोघं हळूहळू जवळ येतात. दिग्दर्शकाने स्वतःच्या वडिलांच्या जाण्यानंतरच्या दिवसांतून ही गोष्ट उभी केली आहे, आणि ते जाणवतं.

विकास उर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबलेला असतो. लग्न कधी करणार, असा प्रश्न कुणीतरी टाकतं आणि आनंद गप्प होतो. एरवी ही जागा वाद्यांनी भरली असती. इथे वारा ऐकू येतो, पाखरं आणि शेळ्या ऐकू येतात, आणि भूषण मनोजच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते आपलं आपल्यालाच शोधावं लागतं. पहिली काही मिनिटं अस्वस्थ करतात. मग कान जागे होतात. बाळ्या काटे काढून साबराची बोंडं आनंदला खायला देतो, त्या प्रसंगात तर संगीताचा एक सूरही आगाऊपणा ठरला असता. गावातल्या दोन पुरुषांचं प्रेम दाखवताना करुण सुरावट लावली असती, तर तो कीव मागणारा सिनेमा झाला असता. या शांततेमुळे तो दोन माणसांचा सिनेमा राहतो. गेल्या काही वर्षांतला मला सगळ्यात जवळचा वाटलेला मराठी सिनेमा हाच.

‘दशावतार’ला मात्र शांतता शोभली नसती. दशावतारी खेळ म्हणजे पखवाज, झांज, पेटी आणि रात्रभराचा जागर. तळकोकणातल्या माणसाला हा नाद अंगात भिनलेला असतो. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडल्यावर दृष्टी मंदावलेला बाबुली मेस्त्री साकारतात. तोंडाला रंग लावून तो उभा राहतो तेव्हा संगीत त्याच्या देहातून आल्यासारखं वाटतं. माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. तिथे सिनेमा सूडाकडे वळतो आणि पार्श्वसंगीत चढत जातं. प्रभावळकरांच्या नुसत्या नजरेवर जे निभलं असतं, तेही वाजवून सांगितलं जातं. तरीही सिनेमा पाहावाच. कोकणच्या जमिनीचा प्रश्न इतक्या पोटतिडकीने मोठ्या पडद्यावर क्वचितच आला आहे.

आता अल्बमकडे येतो, कारण वाजवणं आणि थांबणं यांचा तोल मला अलीकडे सगळ्यात सुंदर सापडला तो ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’मध्ये. जॉन मॅकलॉफलिन आणि झाकीर हुसेन यांनी सत्तरच्या दशकात गाजवलेल्या या वाद्यवृंदाचा चार दशकांहून अधिक काळाने, 2023 मध्ये आलेला हा स्टुडिओ अल्बम. पूर्वीच्या संचात विक्कू विनायकराम घटम वाजवत. इथे त्यांचा मुलगा सेल्वागणेश आहे. व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आहेत आणि गायला ‘कट्यार काळजात घुसली’तले आपले शंकर महादेवन. फेब्रुवारी 2024 मध्ये या अल्बमला ग्रॅमी मिळाला. त्याच सोहळ्यात झाकीरभाईंनी आणखी दोन ग्रॅमी घेतले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला ते गेले.

या अल्बमसाठी महासाथीच्या काळात कलाकारांनी आपापल्या ठिकाणी बसून आपापला भाग ध्वनिमुद्रित केला आणि मग ते जुळवले गेले. एकमेकांच्या डोळ्यांत बघून, समेवर मान हलवून होणारं हे संगीत असं तुकड्यांत कसं जमलं असेल, अशी शंका येते. काही ठिकाणी ती खरीही ठरते. गिटारचा आवाज फार घोटीव आहे, मैफलीतला खरखरीतपणा हरवलेला आहे. पण ‘मोहनम’ लावा. हा राग आपल्याकडच्या भूपाचा कर्नाटक संगीतातला भाऊ. त्यात गळ्यामागे तबला काय करतो ते हेडफोन लावून ऐका. महादेवन ओळ संपवतात तिथे झाकीरभाई जागा भरायला धावत नाहीत. थोडं थांबतात, डग्ग्यावर एखादी मींड घेतात आणि पुढची ओळ गायकाच्या हाती सोपवतात. ‘श्रिनीज ड्रीम’मध्ये, 2014 साली अकाली गेलेल्या मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या आठवणीत, हीच मंडळी अगदी उसळून वाजवतात. ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत, आधी ‘श्रिनीज ड्रीम’ आणि मग ‘मोहनम’.