पांजरपोळात ठेवलेले जप्त जनावर: खर्च, मुदती आणि मालकाचे हक्क

गाडीत दाटीने भरल्यामुळे किंवा जखमी असतानाही कामाला जुंपल्यामुळे जनावर ताब्यात घेतले गेले, तर ते गोशाळेत किंवा पांजरपोळात पाठवले जाऊ शकते. तेथे त्याला चारा, पाणी व उपचार मिळतात. जनावर तेथे गेले म्हणजे मालकाचा हक्क लगेच संपला, असे नाही. मात्र मुदती लहान आहेत, त्या चुकवू नका.

कोणता कायदा लागू होतो?
प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० आणि जप्त मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीबाबतचे २०१७ चे नियम. गोवंशाबाबत राज्याचे वेगळे कायदेही असू शकतात.

जप्तीनंतर काय होते?
• सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी जनावराची तपासणी करतात.
• ओळखीसाठी कानात बिल्ला किंवा चिप लावली जाते. डागणी देण्यास मनाई आहे.
• खटला चालू असेपर्यंत जनावर कोठे ठेवायचे, याचा आदेश दंडाधिकारी देतात.

खर्च कोणी द्यायचा?
वाहतूक, देखभाल व उपचार यांचा खर्च मालकाकडून वसूल होतो. मालक गरीब असल्यास उपचारांचा खर्च माफ करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात (कलम ३५). ही माफी आपोआप मिळते असे समजू नका. न्यायालयासमोर तशी विनंती करा. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

तीन दिवसांची मुदत कशासाठी?
२०१७ च्या नियमांनुसार, दंडाधिकारी खर्चाचा अंदाज ठरवून तेवढ्या रकमेचे बंधपत्र जामीनदारासह तीन दिवसांत देण्यास सांगतात. ते न दिल्यास जनावर संस्थेच्या मालकीचे होऊ शकते.

जनावर परत कधी मिळते?
उपचारासाठी ठेवलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय सोडले जात नाही. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेल्या वेळेत मालकाने ते नेले नाही, तर त्याची विक्री करून खर्च वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो.

विक्रीनंतर उरलेले पैसे कोणाचे?
मालकाचे. समजा, विक्रीतून १५,००० रुपये आले आणि खर्च ११,००० रुपये झाला, तर उरलेले ४,००० रुपये मालकाला मिळू शकतात. त्यासाठी विक्रीच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो.

आजच काय करून ठेवावे?
• जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला लावून नोंदणी करून घ्या. जनावर आपलेच आहे, हे दाखवताना ही नोंद उपयोगी पडते.
• खरेदीची पावती व बाजाराची चिठ्ठी जपून ठेवा.
• जप्ती झाल्यास पंचनाम्याची प्रत मागा आणि जनावर कोणत्या संस्थेत नेले, ते लिहून घ्या.

वकील परवडत नसेल तर?
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत.

महत्त्वाचे: जनावर आजारी असेल, तर ते कामाला जुंपण्याआधी किंवा गाडीत चढवण्याआधी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. वेळेवर उपचार झाले, तर जनावराचे हाल टळतात आणि मालकावर न्यायालयाच्या फेऱ्या मारण्याची वेळ येत नाही.