गुडघ्याचा ओळंबा चुकला तर...

"डॉक्टरसाहेब, गोळी घेतली की चार दिवस बरं, पुन्हा येरे माझ्या मागल्या!" सत्तेचाळीस वर्षांचे एक गवंडी मिस्त्री दीड वर्ष डाव्या गुडघ्याची हीच तक्रार सांगत होते. शिडी चढवेना, रोज बुडू लागला. मी गोळ्या देत राहिलो. एक्स-रे काढला होता, पण निजवून. त्यात फारसे काही दिसले नाही. चूक माझीच. एके दिवशी ते परत जाताना पाठमोरे दिसले, तेव्हा लक्षात आले की डावा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला आहे.

त्यांना अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा एक्स-रे काढला. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली, तर ती गुडघ्याच्या साधारण मध्यातून जायला हवी. मिस्त्रींची रेषा बरीच आतून गेली होती. सारा भार आतल्या बाजूवर पडून तेथली कूर्चा झिजली होती. बाहेरची शाबूत होती.

"म्हणजे ओळंबा चुकलाय की!" मिस्त्री म्हणाले. अगदी बरोबर.

अशा वेळी सांधा न बदलता हाड सरळ करता येते. या शस्त्रक्रियेला ऑस्टिओटॉमी म्हणतात. गुडघ्याखाली नडगीचे हाड आतल्या बाजूने कापून पाचरीसारखी फट उघडतात आणि पट्टी व स्क्रूने पक्की करतात. फट किती मिलिमीटरची, हे एक्स-रेवर आधीच मोजतात. भाराची रेषा मध्याच्या किंचित बाहेर आणतात. बहुधा आतल्या कडेपासून सुमारे ६२ टक्क्यांवर. कमी पडले तर दुखणे राहते, जास्त झाले तर बाहेरची बाजू झिजते.

हा उपाय सर्वांसाठी नाही. साधारण साठीच्या आतले, कष्टाची कामे करणारे, गुडघा नीट वाकणारे आणि एकच बाजू झिजलेले रुग्ण यास योग्य. आमवात असेल किंवा दोन्ही बाजू झिजल्या असतील, तर उपयोग नाही. काही आठवडे कुबड्या लागतात, हाड जुळायला तीनेक महिने जातात. विडी-सिगारेटमुळे ते लांबते, म्हणून मिस्त्रींना आधी विडी सोडावी लागली. झीज कायमची थांबत नाही. पण अनेकांची दहा वर्षे बरी जातात आणि पुढे सांधेबदलाचा मार्ग खुला राहतो.

मिस्त्री सहा महिन्यांनी कामावर गेले. वाचकहो, गुडघा दुखतो आणि पाय वाकत चालला आहे असे वाटले, तर नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नका. एक्स-रे उभ्यानेच काढायला सांगा. बाहेरची बाजू शाबूत आहे तोवरच ही संधी असते.